कात्री कोणाच्या हातात?



आगमनकाळ जवळ आला की आपल्या घरांतून चिवारीच्या काठ्या, भाताचा पेंढा, रंगीत कागद आणि खळीचे भांडे बाहेर येते. ओटीवर गोठ्याची जागा ठरते. परातीत माती पसरून नाचणी पेरली जाते. दाराशी चांदणीचा कंदील कुठे टांगायचा यावर चर्चा होते. मुलांच्या दृष्टीने वर्षातले हे सगळ्यांत आनंदाचे दिवस. म्हणूनच त्याआधी एका प्रश्नाचा आपण सर्वांनी मिळून विचार करावा असे आम्हांला वाटते. प्रश्न दिसायला अगदी लहान आहे.

सात-आठ वर्षांचे मूल गोठ्याचे छप्पर बसवते आहे. छप्पर एका बाजूला कलते, पडते, पुन्हा पडते. जवळ बसलेल्या आईचा, वडिलांचा किंवा मोठ्या भावाचा हात आपोआप पुढे जातो आणि तोंडातून शब्द निघतात, "हाड हडे, तुका जमाचा नाय." पाच मिनिटांत छप्पर सरळ उभे राहते. मूल थोडा वेळ बघत बसते आणि मग उठून खेळायला जाते.

या पाच मिनिटांत चांगले काय झाले आणि वाईट काय झाले?

चांगले काय झाले ते लगेच दिसते. छप्पर सरळ झाले. वाईट काय झाले ते सहज दिसत नाही, कारण कुणी रडले नाही, कुणाला कुणी मारले नाही. उलट मदतच केली. तरीसुद्धा काही क्षणांपूर्वी जे काम त्या मुलाचे होते ते आता त्याचे राहिले नाही. त्याचा गोठा त्याच्या हातून गेला आणि तोसुद्धा प्रेमाने गेला. प्रेमाने घेतलेली गोष्ट परत मागता येत नाही, ही यातली खरी अडचण आहे.

ही गोष्ट फक्त नाताळच्या दिवसांत घडते असे नाही. शाळेतून प्रकल्प सांगितला जातो. संध्याकाळी मूल घरी येऊन सांगते आणि रात्री अकरा वाजता मूल झोपलेले असते, तर आई पुठ्ठा कापत बसलेली असते. काही घरांत तेवढाही त्रास नको म्हणून तयार तक्ते आणि तयार नमुने दुकानातून विकत आणले जातात. दुसऱ्या दिवशी त्यावर मुलाचे नाव येते, इयत्ता येते, हजेरी क्रमांक येतो आणि गुणही मिळतात. घरातल्या सगळ्यांना ठाऊक असते की हे खरे नाही. मुलालाही ठाऊक असते. खोटे बोलू नये असे आपण मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवतो आणि घरी पुठ्ठ्यावर चिकटवलेले एक खोटे त्याच्या हातात देऊन त्याला शाळेत पाठवतो.

असे आपण का करतो? आईवडील अप्रामाणिक असतात म्हणून नव्हे. कारणे साधी आहेत. दिवसभर काम करून माणूस थकलेला असतो. घरातला पुरुष मुंबईला, आखाती देशात किंवा बोटीवर असेल तर सगळा भार एकट्या आईवर पडतो. मुलाच्या गतीने काम करायचे तर अर्ध्या तासाच्या कामाला दोन तास लागतात, खळ जमिनीवर सांडते, कागद फुकट जातो. शिवाय लोक काय म्हणतील ही भीती असते. शेजारच्या घरातला गोठा झगमगता आणि आपला वाकडा, हे बघवत नाही. ही सगळी कारणे खरी आहेत आणि आम्ही ती हलकी मानत नाही. परंतु कारण खरे असले म्हणजे कृती योग्य ठरते असे नाही. म्हणून थोडे खोलात जाऊ या.

तेराव्या शतकातील थोर तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांनी कलेविषयी एक सरळ विचार मांडला आहे. वस्तू घडवण्याची योग्य बुद्धी म्हणजे कला, असे ते मानतात. कारागिराची परीक्षा त्याच्या हेतूवरून होत नाही, तर त्याच्या हातून उतरलेल्या वस्तूवरून होते. हे समजायला फार लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यात सावंतवाडीला चितारआळी आहे. तिथली लाकडी फळे पाहा. आंबा आंब्यासारखा दिसला पाहिजे, केळे केळ्यासारखे. करणाऱ्याचे मन त्या दिवशी प्रसन्न होते की उदास होते, हे गिऱ्हाईक विचारत नाही. सावंतवाडीच्या गंजिफांचेही तसेच. हाताने रंगवलेले हे गोल पत्ते नामशेष होत आले असताना १९७० च्या दशकात शिवरामराजे भोंसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात त्या कलेला पुन्हा उभे केले. तिथे वस्तू चांगली उतरणे महत्त्वाचे होते, कारण वस्तू बिघडली तर कलाच बुडते.

पण घराच्या ओटीवर मूल गोठा करत असते तेव्हा एकच वस्तू घडत नसते. दोन गोष्टी एकाच वेळी घडत असतात. एक गोठा आणि दुसरे ते मूल. गोठा सहा जानेवारीनंतर उचलून ठेवला जाईल. पेंढा गुरांच्या पुढ्यात जाईल. मूल मात्र राहणार आहे. छप्पर पडल्यावर ते पुन्हा उभे करायचे की उठून जायचे, हे ते त्या वेळी शिकत असते. आपण गोठा सुधारला आणि मुलाला उठून जायला शिकवले, तर दोन्हींतले मोठे काम बिघडवून लहान काम दुरुस्त केले असे होईल.

याच संत थॉमस यांचा दुसरा एक विचार इथे अधिक उपयोगी आहे. देव सर्वसमर्थ असताना तो सगळे स्वतःच का करत नाही, असा प्रश्न त्यांच्यापुढे होता. पाऊस पाडायला ढग, भात पिकवायला शेतकरी, मूल वाढवायला आईबाप, अशी मधली माणसे आणि मधल्या वस्तू त्याला कशाला हव्यात? त्यांचे उत्तर असे की देवाची शक्ती कमी पडते म्हणून नव्हे, तर त्याचा चांगुलपणा विपुल आहे म्हणून. काहीतरी घडवून आणण्याचा मान त्याला आपल्या निर्मितीलाही द्यायचा आहे. थोडक्यात, ज्याला सगळे करता येते तो थोडे मागे सरतो आणि ज्याला थोडेच जमते त्याला करू देतो.

आईवडिलांना यापेक्षा चांगला धडा कोणता असणार? आपल्या मुलापुढे आपणही जवळजवळ सर्वसमर्थच असतो. कात्री आपल्याला नीट चालवता येते, गाठ मारता येते, छप्पर बसवता येते. प्रश्न आपल्याला येते की नाही हा नाहीच. येत असूनही हात मागे ठेवता येतो का, हा प्रश्न आहे. एखाद्या वस्तूचे कारण होण्याचा मान, "हे माझ्यामुळे झाले" असे खरेपणाने म्हणण्याचा मान, मुलाच्या वाट्याला अशा लहानसहान कामांतूनच येतो. तो त्याच्याकडून काढून घेणे ही लहान चोरी नव्हे.

यावर कुणी म्हणेल, "मग काय फादर, पोरांच्या हातात कात्री देऊन आम्ही टीव्ही बघत बसायचं?" तसे मुळीच नाही. मुलाला एकटे सोडणे म्हणजे मान देणे नव्हे, ती टाळाटाळ झाली. काम हिसकावून घेणे आणि काम टाकून जाणे यांच्यामध्ये एक तिसरी जागा आहे. ती म्हणजे शेजारी बसण्याची जागा.

कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या यांची कला पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. ती परीक्षा घेऊन दिलेली कला नव्हे. वडिलांच्या शेजारी बसून मुलाकडे आलेली कला आहे. तिथले श्री. परशुराम गंगावणे यांनी आपल्या घरच्या गुरांच्या गोठ्याचे संग्रहालय केले आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वडिलांचा हात जर मुलाच्या हातावरून कधी उठलाच नसता, तर बाहुली नाचवणारी पुढची पिढी तयार झाली नसती. आणि वडील मुळात शेजारी बसलेच नसते, तरीही झाली नसती.

शेजारी बसायचे म्हणजे काय करायचे? जे मुलाच्या वयाला धोक्याचे आहे ते आपण करावे. कोयतीने चिवारी चिरणे, विजेची तार जोडणे ही कामे मोठ्यांचीच. जे अवघड आहे पण धोक्याचे नाही, ते एकदा आपल्या वेगळ्या काठीवर करून दाखवावे आणि त्याची काठी त्याच्याच हातात राहू द्यावी. दोन हात कमी पडत असतील तर तिसरा हात आपण द्यावा. "तू बांध, मी धरून ठेवते," एवढे म्हणावे. छप्पर पडले तर लगेच उपाय सांगू नये, आधी विचारावे, "कुठून पडलं?" मुलाला बहुतेक वेळा ते दिसलेले असते. त्याला फक्त सांगायला वेळ हवा असतो.

सामान महाग हवे असेही नाही. बालशिक्षणात मोठे काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली आणि १९५७ साली ते काम आदिवासी मुलांमध्ये कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. परदेशी पद्धतीची महाग साधने खेड्यात परवडणार नाहीत हे ओळखून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंतून मुलांची साधने तयार केली. आपल्याकडे काय कमी आहे? करवंट्या आहेत, झावळ्या आहेत, पोफळीची विरी आहे, नदीचे गुळगुळीत गोटे आहेत, चिऱ्याचा तांबडा भुगा आहे. सजावटीच्या थर्मोकोलवर महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आली. त्याची उणीव आपल्या गोठ्याला भासायचे कारण नाही.

१२२३ सालच्या नाताळात असिसीकर संत फ्रान्सिस यांनी ग्रेच्चो गावी पहिला गोठा मांडला, तेव्हा तिथे विकत आणलेली एकही मूर्ती नव्हती. एक गव्हाण, थोडे गवत, एक बैल आणि एक गाढव, एवढेच होते.

आता स्तुतीविषयी. काही आईवडील हात मागे ठेवतात, पण मुलाने काहीही दाखवले की मान वर न करता म्हणतात, "वा, मस्त!" हेसुद्धा एक खोटेच. मुलाला ते कळते. मेंढीचा पाय तोकडा झाला असेल तर ती कलंडणारच. चिकणमाती उन्हात घाईने वाळवली तर तिला भेगा जाणारच. माती मुलाची खुशामत करत नाही आणि त्याला रागावतही नाही. ती आहे तशी असते, म्हणून ती चांगली शिक्षिका आहे. आपणही तिच्याकडून एवढे घ्यावे. वस्तूकडे खरोखर बघावे आणि जे दिसते ते बोलावे. "या मेंढीची मान छान वळली आहे. हा पाय मात्र आखूड झालाय, काय करू या?" अशा एका वाक्यात मुलाला जेवढा मान मिळतो तेवढा दहा वेळा "मस्त" म्हटल्याने मिळत नाही.

हे सगळे लिहिताना गोठ्यांच्या स्पर्धेचा विषय टाळता येणार नाही. स्पर्धेमुळे उत्साह येतो, तरुण मंडळी एकत्र येतात, हे चांगलेच आहे. पण लहान मुलांच्या बाबतीत बक्षिसाचा परिणाम नेहमी आपल्याला वाटतो तसा होत नाही. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतील एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रे काढायची मनापासून आवड असलेली तीन ते पाच वर्षांची मुले त्यांनी निवडली. त्यांतल्या काहींना आधीच सांगितले की चित्र काढलेत तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता अचानक ते दिले. काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात रंगीत पेने नुसतीच ठेवली, तेव्हा बक्षीस ठरवून काम केलेली मुले इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रे काढताना दिसली. त्यांची आवड बक्षिसाने वाढली नाही, आटली. जे खेळ म्हणून आनंदाने होत होते, ते मोबदल्याचे काम झाले.

आणि आपल्या बाबतीत तर मुलाच्या नावाने बक्षीस पुष्कळदा मोठ्यांच्या हातालाच मिळते. म्हणून पॅरिश कौन्सिलपुढे आम्ही एक सूचना ठेवणार आहोत. मोठ्यांच्या गोठ्यांची स्पर्धा चालू राहो. बारा वर्षांखालील मुलांच्या गोठ्यांना मात्र पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक नकोत. त्याऐवजी गोठे बघायला येणाऱ्यांनी प्रत्येक मुलाजवळ थोडे बसावे आणि त्याला विचारावे, "हे तू कसं केलंस?" ज्याने स्वतः केले आहे ते मूल त्यावर दहा मिनिटे बोलेल. "छप्पर तीन वेळा पडलं, मग पप्पांनी धरलं आणि मी बांधलं," असे सांगणाऱ्या मुलाचा गोठाही त्याचाच. त्यात वडिलांचे नाव आले म्हणून काही कमी झाले नाही, कारण ते खरे आहे. ही सूचना कुणाला पटत नसेल तर त्यांनी कौन्सिलमध्ये मोकळेपणाने बोलावे. आम्हांला ऐकायचे आहे.

आणखी एक आक्षेप उरतो. दहावी-बारावीच्या धावपळीत हस्तकलेला वेळ घालवून मुलांच्या पदरात काय पडणार? या प्रश्नामागे हाताचे काम डोक्याच्या कामापेक्षा खालचे, अशी एक जुनी समजूत दडलेली आहे. कणकवलीकरांनी तरी ती बाळगू नये. आपल्या गावाला लागून वागद्याला अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ साली गोपुरी आश्रम उभा केला. ज्यांना लोक कोकणचे गांधी म्हणत ते हेच. उच्च शिक्षण घेतलेल्या या माणसाने १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम आपल्यालाही मिळावे म्हणून उपोषण केले आणि पुढे मेलेल्या जनावरांचे कातडे कमावण्याचे काम स्वतःच्या हातांनी केले. कोणतेही हाताचे काम माणसाला हलके करत नाही हे त्यांनी जगून दाखवले. ते आपल्या इतके जवळ राहिले आणि तरीही आपण मुलांना हात मळवू देत नसू, तर ते बरे नव्हे.

शेवटी नाझरेथकडे पाहू या. त्या घरातील वर्षांविषयी शुभवर्तमानात जवळजवळ काहीच लिहिलेले नाही. पण एक लहानसा फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. संत मत्तयच्या शुभवर्तमानात लोक येशूला सुताराचा मुलगा म्हणून ओळखतात. संत मार्कच्या शुभवर्तमानात ते त्यालाच सुतार म्हणतात. सुताराच्या मुलाचा सुतार कसा होतो हे आपल्या गावातल्या कुठल्याही सुताराला विचारा. कुणीतरी त्याच्या हातात पटाशी दिलेली असते. त्याचे पहिले लाकूड फुकट गेलेले असते. आणि ते फुकट गेलेले लाकूड बघूनसुद्धा शेजारी बसलेल्या माणसाने पटाशी काढून घेतलेली नसते. संत योसेफ यांचा एकही शब्द शुभवर्तमानात नोंदलेला नाही. शेजारी बसण्याची विद्या बहुधा फार बोलून येत नसावी.

तेव्हा या वर्षी परातीत नाचणी पेराल तेव्हा तिच्याकडे जरा लक्ष द्या. दहा-बारा दिवसांत तिची हिरवी लव उभी राहते. पाणी आपण घालू शकतो, परात सावलीतून उजेडात हलवू शकतो. पण तिला "हाड हडे, तुका जमाचा नाय" असे म्हणून तिचे कोंब कुणाला ओढून वर काढता येत नाहीत. घरातल्या मुलांशीही आपण तेवढ्याच धीराने वागू या.

आणि नाताळला पाहुणे येतील, ओटीवरचा कललेला गोठा बघतील, तेव्हा "पोरांनी केलाय हो, चालवून घ्या," असे हसून सांगू नका. मूल ते ऐकत असते. त्याला हाक मारा आणि म्हणा, "हा गोठा हिने केलाय, तीच सांगेल तुम्हांला." मग आपण बाजूला उभे राहा.

प्रभू आपल्या घराघरांतील लहान हातांना बळ देवो आणि आपल्या हातांना धीर देवो.

आपले धर्मगुरू